काचेचं पोळं

"अभिनंदन, सर! तुमचा प्रकल्प मंजूर झालाय," असं फोनवरची बाई म्हणाली. त्याच्या हातातला कप बशीत ठेवताना नको तेवढा वाजला. समोर वह्या तपासत बसलेल्या गणिताच्या बाईंनी मान वर केली, तेव्हा तो उगीचच हसला. फोनवरची बाई उत्साहाने बोलतच होती. सरकारी शाळांतल्या शिक्षकांनी वर्गात काही नवं करून पाहावं म्हणून त्यांची संस्था दर वर्षी अनुदान द्यायची. यंदाही ढीगभर अर्ज आले होते, पण त्याचा अर्ज वाचल्यावर म्हणे समितीतले सगळे खुर्चीत सरसावून बसले. "वर्गात जिवंत पोळं! तेही काचेच्या भिंतींचं! असं धाडस कुणी करत नाही हो, सर." धाडस हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या नावापुढे लावत होतं आणि त्याला वाटत होतं, हा फोन चुकून आपल्याला लागला असावा. तो "हो, हो, आभारी आहे" म्हणाला. मग फोन खिशात ठेवला, पुन्हा बाहेर काढून बंद झालाय ना ते पाहिलं आणि निवलेला चहा एका घोटात संपवला.

खरी गोष्ट अशी होती की तो अर्ज मंजूर होऊ नये म्हणूनच त्याने केला होता. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत येऊन म्हणाल्या होत्या, "प्रत्येकाने एक कल्पना पाठवायची. सबबी नकोत." बाकीच्यांनी पडदे, पेट्या, रंगीत तक्ते असं काहीबाही मागितलं. त्याला काहीच मागायचं नव्हतं. नवी वस्तू आली की नवी जबाबदारी आली, ती मोडणार, हरवणार, कुणाच्या तरी बोटाला लागणार. तेव्हा त्याने विचार केला की असं काहीतरी मागावं जे कुठलाही शहाणा माणूस देणार नाही. विज्ञानाच्या पुस्तकात मधमाश्यांचा धडा होता. त्याने लिहिलं: खिडकीतून बाहेर नळी काढलेली, दोन्ही बाजूंनी काच असलेली मधपेटी, मुलं आतलं सगळं बघतील, राणीमाशी शोधतील, नोंदी ठेवतील. आणि लिहिता लिहिता एक विचित्र प्रकार झाला. आपलं हे कधीच खरं होणार नाही या खात्रीमुळे त्याचा हात सैल सुटला. त्याने पानंच्या पानं लिहिली. मुलं काचेला कान लावतील आणि त्यांना एक शहर ऐकू येईल, असंही एक वाक्य त्याने लिहून टाकलं. आता त्या वाक्यामुळेच आपण अडकलो, असं त्याला वाटलं.

मुलं त्याला 'जपून सर' म्हणत. त्याच्यासमोर नव्हे, पण जिन्यात, मैदानात त्याच्या कानावर पडे. जिना उतरताना जपून, कंपासपेटी उघडताना जपून, पाण्याच्या नळापाशी जपून. आपल्या तोंडातून तो शब्द दिवसभरात किती वेळा निघतो हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण तो शब्द मुळात त्याचा नव्हताच, त्याच्या आईचा होता. लहानपणी त्यांच्या घरात भीती ही कधीमधी येणारी पाहुणी नव्हती, घरची मालकीण होती. आणि गंमत म्हणजे तिला कारण असं काहीच नव्हतं. कुणी बुडालं नव्हतं, कुणी भाजलं नव्हतं, वडील वेळेवर कामावर जात आणि वेळेवर परत येत. तरी आई रोज संध्याकाळी खिडकीशी उभी. वडील कोपऱ्यावर दिसले की ती लगबगीने आत जाई आणि जणू काही झालंच नाही अशी भांडी घासायला बसे. तोही तिच्या कमरेला चिकटून उभा असायचा. तिच्या पोटातली धडधड त्याच्या गालाला लागायची. आपल्याला ऐकू आलेला पहिला आवाज तोच असावा, असं त्याला पुढे कधीतरी वाटलं होतं. आता आई त्याच्याच घरी होती, खिडकी बदलली होती आणि ती त्याची वाट बघायची.

त्या संध्याकाळी त्याने घरी सांगितलं तेव्हा बायको खो खो हसत सुटली. ती रक्ततपासणीच्या केंद्रात काम करायची. "अहो, मी दिवसभर लोकांना टोचत असते, तुमच्या माश्या काय वेगळं करणार आहेत?" आई मात्र हसली नाही. "काचेला कुलूप आहे का?" तिने विचारलं.

"आई, काचेला कुलूप नसतं. पेटी असते ती."

"मग पेटीला?"

"असेल."

"असेल म्हणजे? बघितलं नाहीस?" आणि थोड्या वेळाने, जेवताना, मान खाली घालून ती म्हणाली, "तुला कधी चावलेली नाही हो माशी. मी चावूच दिली नाही." घास त्याच्या हातातच राहिला. खरंच, आयुष्यात एकदाही नाही. म्हणजे आपल्याला चावली तर काय होतं हे आपल्याला माहीतच नाही. काही लोकांना नुसती सूज येते आणि काहींचा घसा आवळतो, श्वास अडकतो आणि खेळ खलास. आपण यांतले कोण, हे कळायला एकच मार्ग आहे. त्याने घास पुन्हा ताटात ठेवला.

पेटी घेऊन मधपाळ बाई आल्या तेव्हा शाळा भरायची होती. त्या उंच, जाडजूड, मोठ्या आवाजाच्या होत्या आणि वाहनातून पेटी उतरवताना फोनवर कुणाशी तरी घरभाड्यावरून भांडत होत्या. त्यांनी पेटी खिडकीजवळच्या मजबूत टेबलावर बसवली, खिडकीच्या एका तावदानाच्या जागी फळी लावली, फळीच्या भोकातून पारदर्शक नळी बाहेर काढली, दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या. "झालं. या नळीतून त्यांचं येणं-जाणं. वर्गाशी त्यांचा संबंध नाही." त्याने विचारलं, "आणि नळी निघाली तर?" "कशाला निघेल?" "पण निघालीच तर?" बाईंनी त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. "दिवे बंद करायचे, खिडक्या उघडायच्या, मुलांना खाली वाकून बाहेर काढायचं. जिकडे उजेड, तिकडे त्या जातात. आणि झटकायचं नाही. हात हलवला की त्यांना वाटतं, भांडण आहे." त्याने ते सगळं लिहून घेतलं नाही. गरजच नव्हती. भीतीच्या गोष्टी त्याला एकदा ऐकल्या की पाठ होत.

मुलं वेडी झाली. काचेमागे तपकिरी, हलती, चकाकणारी एक भिंत होती आणि ती भिंत जिवंत होती. राणी सापडली की आरोळी उठे. नाचणारी माशी दिसली की सगळा वर्ग कंबर हलवून तिची नक्कल करे. ज्यांच्या वहीत कधी ओळभर मजकूर दिसत नसे ती मुलं पानं भरून आणू लागली. मोठ्या बाई पाहुण्यांना घेऊन येत आणि दारातूनच सांगत, "आमचे सर म्हणजे फार प्रयोगशील." तो फळ्याशी उभा राही, पाठीला घाम फुटलेला. माश्यांचा तो आवाज बंद होतच नसे. शिकवताना त्याच्या वाक्यांच्या खालून तो वाहत राही, तो थांबला की वर येई. आवाजात जराही फरक झाला असं वाटलं की तो खडू खाली ठेवून पट्ट्या बघायला जाई. बसमध्ये उभा असताना, दाढी करताना, बायको काही सांगत असताना त्याच्या डोळ्यांपुढे नळी निसटे. दर वेळी वेगळ्या तऱ्हेने निसटे. कधी मुलं दाराशी चेंगरत, कधी कुणी धडपडे, कधी एक मूल गळा धरून खाली बसे आणि त्या मुलाचा चेहरा रोज बदले. "अहो, मी काय विचारतेय?" बायको म्हणे. "हो," तो म्हणे. "हो काय हो? भाजी कुठली आणू विचारलं."

खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसायची. मुलं तिला गोगलगाय म्हणत, कारण कुणी काही विचारलं की ती मान खांद्यांत ओढून घ्यायची. तिला दुसरा बाक देऊ केला होता, पण ती हललीच नाही. जागा बदलण्याचीही तिला भीती असावी. रोज सकाळी वर्गात आल्यावर ती दप्तर न उतरवता त्याच्यापाशी येई आणि अगदी हळू विचारी, "सर, पट्ट्या आवळल्यात ना?" "हो गं, आवळल्यात." मग ती जागेवर जाई आणि दिवसभर पेटीकडे बघत नसे. तिचा तो विश्वास त्याला सहन होत नसे. आपल्यालाही असंच कुणीतरी रोज सकाळी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात येई आणि लगेच दुसरं मन म्हणे, सांगत होती की आई रोज, उलटं सांगत होती एवढंच.

त्या दिवशी तो फळ्यावर पानाची आकृती काढत होता. बाहेर शाळेची भिंत रंगवायचं काम चाललं होतं. रंगाऱ्यांपैकी कुणीतरी शिडी सरकवली, ती खिडकीतल्या फळीवर आदळली, आणि दणका बसला तो वर्गाच्या आत. तो वळला. नळी पेटीपासून सुटून खाली लोंबत होती आणि पेटीच्या तोंडातून माश्या धुरासारख्या वर येत होत्या. त्याला पहिल्यांदा जे वाटलं ती भीती नव्हती. ते ओळखीचं काहीतरी होतं. हे आपण पाहिलेलं आहे. बसमध्ये, आरशासमोर, ताटावर, हे कितीतरी वेळा होऊन गेलंय. त्यामुळे त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याचं त्यालाच नवीन होतं. आवाज चढलेला नव्हता. "सगळ्यांनी बाकाखाली. हात अंगाशी. कुणी काही झटकायचं नाही. दाराजवळचे पहिले, रांगत, भिंतीला धरून." त्याने दिवे बंद केले, समोरची खिडकी सताड उघडली. मुलं निघाली. कुणी रडत होतं, कुणी भीतीने हसत होतं, पण निघाली, एकामागून एक, गुडघ्यांवर, आणि दाराबाहेर गणिताच्या बाई एकेकाला ओढून घेत होत्या. मग एकदम भीती आली. आईच्या पोटातल्या धडधडीसारखी आली. कारण वर्ग रिकामा झाला होता आणि खिडकीजवळच्या बाकाखाली एक दप्तर होतं आणि दप्तराला धरून ती बसली होती.

"चल," तो दारातूनच म्हणाला. "ये इकडे." ती हलली नाही. तिने डोळे मिटले होते, तोंड उघडं होतं. तिच्या डोक्यावर, बाकाच्या फळीवर माश्या चालत होत्या. "सर, तुम्ही बाहेर या, रंगाऱ्याला आत पाठवू," मागून गणिताच्या बाई म्हणाल्या. त्यांच्या म्हणण्यात काहीच चूक नव्हती. रंगाऱ्याला कदाचित शंभर वेळा माश्या चावल्या असतील. त्याला एकदाही नाही. त्याने चौकट धरली, सोडली, पुन्हा धरली. मग तो खाली वाकला आणि रांगत निघाला. फरशी थंड होती, खडूची पूड तळहातांना लागत होती. आवाज आता काचेमागे नव्हता, तो कानांभोवती होता, केसांत होता. एक माशी बाहीवरून चालत मनगटापर्यंत आली आणि थांबली. तो थांबला. ती उडाली. तो बाकाखाली शिरला. त्याला तिला उचलून न्यायचं होतं, पण त्याने हात लावताच ती लाकडासारखी ताठ झाली आणि किंचाळायला तोंड उघडू लागली. किंचाळली तर हात हलवेल, हात हलवला तर... मग त्याने तिला ओढणं सोडून दिलं आणि तिच्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन, मावत नव्हता तरी बसला.

"सर," ती डोळे न उघडता म्हणाली, "पट्ट्या आवळल्या होत्या ना?"

"आवळल्या होत्या."

"मग?"

"तरी निघाली. शिडी लागली."

तिने दप्तर आणखी घट्ट धरलं. नंतर तिने विचारलं, "तुम्हाला भीती वाटतेय?"

नाही, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. पण तिचा खांदा त्याच्या दंडाला टेकला होता आणि त्याचा दंड थरथरत होता. खोटं बोलायला जागाच नव्हती. "वाटतेय," तो म्हणाला. "खूप वाटतेय."

"मला पण."

"हो. कळतंय."

ती आणखी जवळ सरकली. दोघं तसेच बसले. माश्या हळूहळू उघड्या खिडकीकडे वळत होत्या, उजेडात त्यांचा एक सैल गोळा होत होता, विरत होता. तेवढ्यात त्याच्या मानेवर, कॉलरच्या वर, कुणीतरी तापलेली सुई खुपसली. तो हलला नाही. डोळ्यांत पाणी आलं. झालं, त्याला वाटलं. इतकी वर्षं जे राहिलं होतं ते झालं. "चल आता, त्या खिडकीकडे गेल्यात," तो म्हणाला आणि या वेळी ती आली, त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरून, रांगत, दारापर्यंत.

मग वाट बघणं सुरू झालं. मोठ्या बाईंच्या खोलीत त्याला खुर्चीवर बसवलं होतं. शिपाई बर्फ आणायला धावला होता, गणिताच्या बाईंनी नखाने खरवडून नांगी काढली होती. कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन केला होता आणि मुलं दाराच्या काचेला नाकं लावून त्याच्याकडे बघत होती, जशी रोज पेटीकडे बघत. तो स्वतःच्या आत कान लावून बसला होता. जीभ जड होतेय का? ओठांना मुंग्या? घसा? त्याने आवंढा गिळून पाहिला. गेला. पुन्हा गिळून पाहिला. छातीत जे धडधडत होतं ते विष होतं की नेहमीचंच, हे त्याला सांगता येईना, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की हा फरक आपल्याला कधीच कळला नव्हता. मोठ्या बाई कपाळाला हात लावून येरझाऱ्या घालत होत्या. "सर, मी आत्ताच्या आत्ता ती पेटी हलवते. संस्थेला काय कळवायचं ते कळवते. तुमची काही चूक नाही. तुम्ही फक्त हो म्हणा." रुग्णवाहिकेतून आलेल्या माणसाने नाडी बघितली, घशात विजेरी मारली, बराच वेळ थांबला. मान सुजली होती, बस्स. "काही नाही, तुम्ही ठणठणीत आहात," तो म्हणाला आणि निघून गेला.

दुपारी मधपाळ बाई आल्या. उरल्यासुरल्या माश्या पेटीच्या तोंडाशी घुटमळत होत्या, त्यांना हाताने सारत त्या आतलं पोळं बघू लागल्या. तो दारात उभा होता. मान ठणकत होती, पण अंगात एक हलकेपणा होता. आजवर न भेटलेला. "म्हणजे मला त्रास होत नाही तर," तो म्हणाला. स्वतःशीच, पण मोठ्याने. "चावली तरी मला काही होत नाही."

"पहिलीच ना?" बाईंनी न वळता विचारलं.

"हो. आयुष्यातली पहिली."

"मग इतक्यात सांगता येत नाही. पहिल्या डंखाला सहसा काही होत नाही कुणालाच. अंगाला तेव्हा नुसती ओळख होते. त्रास असला तर दुसऱ्या वेळी कळतो." त्यांनी हे असं सांगितलं, जसं कुणी बसची वेळ सांगावी. मग त्या वळल्या आणि त्याचा चेहरा बघून जरा ओशाळल्या. "अहो, बहुतेकांना नाहीच होत. तुम्ही म्हणालात म्हणून मी आपलं सांगितलं."

हलकेपणा गेला. भीती परत आली. ती आता या वर्गातच मुक्काम करणार होती, दुसऱ्या वेळेची वाट बघत, आणि तिसऱ्या, आणि प्रत्येक. आईला काय सांगायचं? मानेवरची सूज कॉलरखाली लपेल का? मोठ्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "बाई, न्याच तुम्ही हे धूड. सरांनी काय कमी भोगलंय?" मधपाळ बाईंनी त्याच्याकडे बघितलं. बाहेर व्हरांड्यात मुलं घोळका करून उभी होती, दप्तरं पाठीला, घरी जायला निघालेली. त्यांच्यात ती मुलगीही होती. ती पेटीकडे बघत होती. डोळे बारीक करून, मान खांद्यांत ओढून, पण बघत होती. 'हो' हा शब्द त्याच्या जिभेवर तयार होता. इतका सोपा, इतका सवयीचा.

"नवी पट्टी आणलीत का?" त्याने मधपाळ बाईंना विचारलं. "जाड? दुहेरी आवळता येईल अशी?"

"आहे गाडीत."

"मग राहू दे पेटी. बाहेरून जाळीही ठोका, शिडी लागू नये अशी. आणि मुलांना उद्यापासून या बाजूला बसवणार नाही मी." 

पट्टी आली. मधपाळ बाईंनी पेटीच्या तोंडाशी नळी जुळवली आणि म्हणाल्या, "कुणीतरी धरा बघू ही घट्ट. मला दोन्ही हात लागतात." त्यांच्याकडे हातमोज्यांचा एकच जोड होता आणि तो त्यांच्या हातात होता. कुणी पुढे झालं नाही. तो झाला. बाह्या त्याने खाली ओढल्या, पण बाह्या बोटांपर्यंत पुरत नाहीत. नळीतून आतल्या माश्यांची गरमी तळव्याला लागत होती. एक माशी तोंडाच्या फटीतून बाहेर आली, त्याच्या अंगठ्यावर चढली, नखापाशी थांबली आणि सावकाश सांध्याकडे चालू लागली.  त्याने अंगठा हलवला नाही, नळी आणखी घट्ट दाबली.

"धरलीत ना?" बाईंनी पेचकस लावत विचारलं.

"धरलीय," तो म्हणाला. "तुम्ही आवळा."